सरचूची रात्र: मनाली–लेह मोटारसायकल सहलीतील एका प्रसंगाचा प्रकरण अभ्यास

(सहभागींची ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि व्यवसाय यांत किरकोळ बदल केले आहेत.)

पार्श्वभूमी

साताऱ्यातील एक छोटा गट दरवर्षी लडाखला मोटारसायकलींचा ताफा घेऊन जातो. गटात माणसे तीनच. सर्वांत पुढे राहून रस्ता आणि वेग ठरवणारा मुख्य मार्गदर्शक, ज्याला इथे ‘लीड’ म्हटले आहे. सर्वांत मागे राहून पडलेल्या-अडलेल्यांना सांभाळणारा ‘स्वीप’, म्हणजे प्रस्तुत लेखक. आणि सामानाची गाडी चालवणारा मेकॅनिक. ज्या सहलीबद्दल हे लिहीत आहे ती जूनच्या अखेरीस निघाली होती. सातारा, कराड, इस्लामपूर, विटा आणि सांगली इथले बाराजण होते, त्यांच्या अकरा मोटारसायकली आणि आमच्या दोन. गाड्या पुण्याहून ट्रकने मनालीला गेल्या आणि माणसे रेल्वे व बसने.

तयारी आम्ही मनापासून केली होती. मे महिन्यात सर्वांना आंबेनळी घाटातून पोलादपूरपर्यंत नेऊन आणले, पंक्चर काढणे आणि क्लच केबल बदलणे प्रत्येकाकडून करवून घेतले, कोणाची मोटारसायकल किती लिटरला किती जाते याची वही ठेवली. ही वही महत्त्वाची होती, कारण या रस्त्यावरच्या तांदी गावचा पेट्रोल पंप सोडला की पुढचा पंप 365 किलोमीटरवर आहे, असा फलकच तेव्हा तिथे लावलेला होता. उंचीची तयारी मात्र महाराष्ट्रात करताच येत नाही. कळसूबाईची उंची 1,646 मीटर आणि मनालीची सुमारे 2,050 मीटर. म्हणजे आपल्या राज्याच्या सर्वोच्च शिखरावर उभा असलेला माणूससुद्धा मनालीच्या बसस्थानकापेक्षा चारशे मीटर खाली असतो. हे आम्हाला माहीत होते, पण आमच्या नियोजनात ते उतरले नव्हते.

नियोजन असे होते: मनालीत एक दिवस विश्रांती, पुढची रात्र जिस्पाला, त्यापुढची सरचूला आणि चौथ्या दिवशी लेह. झोपण्याच्या जागांची उंची पाहिली तर 2,050, मग साधारण 3,200, मग 4,290 आणि मग लेहचे 3,500 मीटर असा आलेख होतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असे डॉक्टर सांगतात. जिस्पा ते सरचू या एका दिवसात आम्ही ती अकराशे मीटरच्या आसपास वाढवत होतो. असे करणारे आम्ही एकटे नव्हतो. या रस्त्याने जाणाऱ्या बहुतेक सहली सरचूलाच तंबूत मुक्काम करतात आणि बहुतेकांचे निभावूनही जाते. आमचेही आधीच्या फेऱ्यांत निभावले होते. बारा दिवसांच्या रजेत लेह, नुब्रा आणि पँगाँग बसवायचे असेल तर वाटेत जास्तीची रात्र कुठे घालायची, हा प्रश्न जानेवारीत साताऱ्याच्या एका चहाच्या टेबलावर निघाला होता आणि तिथेच संपलाही होता.

समस्या

या प्रकरणातला मुख्य सहभागी साताऱ्याचा, एकतीस वर्षांचा. आठवड्यातून दोनदा यवतेश्वरचा घाट धावत चढणारा आणि दरवर्षी साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पूर्ण करणारा. त्याला ‘धावपटू’ म्हणू. निघण्यापूर्वी आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी प्रत्येकाला सल्फाची ॲलर्जी आहे का हे विचारून उंचीचा त्रास टाळणाऱ्या अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या त्याने घेतल्या नाहीत, कारण गोळी घेऊन चढणे त्याला कमीपणाचे वाटले. जिस्पाला पहाटे उठून तो भागा नदीच्या कडेने पाच किलोमीटर धावून आला, तेव्हा लीडने सर्वांसमोर त्याची पाठ थोपटली. मीही हसून दाद दिली. आदल्या रात्री त्याला झोप नव्हती, डोके ठणकत होते आणि त्यावर त्याने गुपचूप एक वेदनाशामक गोळी घेतली होती, हे आम्हाला नंतर कळले.

त्याच दिवशीच्या पुढच्या खुणा मी स्वतः पाहिल्या आणि तरीही ओळखल्या नाहीत. झिंगझिंगबारच्या ढाब्यावर त्याने पराठ्याचे ताट शेजाऱ्याकडे सरकवले. त्यानंतरच्या दोन नाल्यांत त्याची मोटारसायकल आडवी झाली. हाच माणूस महिन्याभरापूर्वी वळवाच्या पावसात आंबेनळीची वळणे सफाईने उतरला होता. मी गाडी उचलायला हात दिला, बूट ओले झाले म्हणून हळहळलो आणि दगड गुळगुळीत आहेत अशी समजूत करून घेतली. तोल जाणे हे उंचीच्या आजाराचे लक्षण असू शकते, हे मला पाठ होते. पण पाठ असलेली गोष्ट पाण्यात गुडघाभर उभे असताना आठवली नाही.

बारालाचा खिंडीत, 4,890 मीटरवर, ताफा चाळीस मिनिटे थांबला. सांगलीहून आणलेली भडंगाची पाकिटे तिथे फुग्यासारखी टम्म फुगली होती. बाहेरच्या हवेचा दाब इतका उतरलेला होता. सर्वांनी त्या पाकिटांचे फोटो काढले. ज्या विरळ हवेने पाकिटे फुगवली तीच हवा आपण छातीत घेत आहोत, आणि इथे चाळीस मिनिटे घालवण्यासारखे काही नाही, हे म्हणायचे काम आमचे होते.

सरचूला साडेचारला पोहोचलो. जेवणाच्या तंबूत लीडने नेहमीप्रमाणे मोठ्याने विचारले, “काय मंडळी, सगळे ठीक ना?” आणि नेहमीप्रमाणे उत्तर आले, “एकदम!” मग रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा ऑक्सिमीटर हातोहात फिरला. धावपटूचा आकडा 79 आला, आणि त्याच्या तंबूतले जोडीदार, सांगलीचे अठ्ठावन्न वर्षांचे हळदीचे व्यापारी, ज्यांना सगळे काका म्हणत, त्यांचा 84. या उंचीवर पहिल्या दिवशी असे आकडे अनेकांचे येतात, त्यामुळे कोणी दचकले नाही. धावपटू न जेवता झोपायला गेला. थंडीने भूक मेली, असे म्हणाला.

रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी काका टॉर्च घेऊन माझ्या तंबूशी आले. “जरा येता का? त्याला दोनदा उलटी झाली. आता बाहेर जायचं म्हणून बूट घालतोय, पण डावा बूट उजव्या पायात घालतोय, आणि ते त्याला कळेना झालंय.”

निदानाकडे जाणारी दहा मिनिटे

मी गेलो तेव्हा तो खाटेच्या कडेला बसून बुटाच्या नाड्यांशी खेळत होता. आपण कुठे आहोत असे विचारल्यावर तो क्षणभर थांबून “जिस्पा” म्हणाला. बोटे गार पडलेली होती, म्हणून आधी ती चोळून गरम केली आणि मग ऑक्सिमीटर लावला. आकडा 66 ते 71 च्या दरम्यान हलत राहिला. या आकड्यावर मी अजूनही काही ठरवले नसते. ठरवले ते चालण्याच्या चाचणीवर. तंबूबाहेर पसरलेल्या ताडपत्रीची कड सरळ होती. तिच्यावरून एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला टेकवत दहा पावले चालायचे. त्याला संकोच वाटू नये म्हणून काका म्हणाले, “थांब, आधी मी चालून दाखवतो,” आणि कानटोपी सावरत, धापा टाकत, पण कडेवरून न ढळता ते दहा पावले चालले. धावपटू तिसऱ्या पावलाला बाजूला कलंडला आणि हसत म्हणाला, “दादा, पायाला मुंग्या आल्यात.”

उंचीवर साधी डोकेदुखी, मळमळ आणि निद्रानाश असेल तर चढणे थांबवून वाट पाहता येते. चाल बिघडली आणि बोलणे भरकटले की मेंदूला सूज येऊ लागली आहे असे धरून चालावे लागते, आणि त्यावर खरा उपाय एकच, खाली उतरणे. ऑक्सिजन आणि सूज कमी करणारे डेक्सामेथासोन हे औषध उतरेपर्यंतचा वेळ मिळवून देतात. मी लीडला उठवले.

समोर असलेले पर्याय

नकाशावर सरचू पाहिले तर अडचण लगेच दिसत नाही. सरचू हे दोन्ही बाजूंनी खिंडींनी कोंडलेले मैदान आहे. तिथून कोणत्याही दिशेला खाली जायचे तर आधी वर चढावे लागते. मोबाइलला रेंज नव्हती, आणि परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन जवळ बाळगणे आपल्याकडे बेकायदा आहे. त्यामुळे साताऱ्याच्या डॉक्टरांना विचारण्याचा मार्गही बंद होता.

लीडचा पहिला विचार ऑक्सिजन लावून उजाडेपर्यंत थांबण्याचा होता. त्याचे कारण पोकळ नव्हते. जूनमध्ये बारालाचाच्या दोन्ही अंगांना बर्फाच्या भिंती असतात, दिवसा वितळलेले पाणी रस्त्यावर पसरते आणि रात्री त्याचा काचेसारखा थर होतो. आमच्या मेकॅनिकने या रस्त्यावर अंधारात कधी गाडी चालवलेली नव्हती. पण मेंदूची सूज किती वेगाने वाढेल हे कोणालाही सांगता येत नाही आणि तीन तासांत तो बेशुद्ध झाला तर आमच्या हातात काहीच उरणार नव्हते.

दुसरा विचार पुढे पांगला जाण्याचा. तिथे लष्कराचा ट्रान्झिट कॅम्प असल्याने वैद्यकीय मदत मिळण्याची आशा होती आणि अंतर सुमारे पंचाहत्तर किलोमीटर. हा पर्याय ऐकायला बरा वाटतो. मात्र वाटेत गाटा लूप्सची एकवीस वळणे चढून 5,065 मीटरची लाचुलुंग ला (‘ला’ म्हणजे खिंड) ओलांडावी लागते आणि इतके करून पांग येते ते सुमारे 4,600 मीटरवर, म्हणजे सरचूपेक्षाही उंचावर. लेहला थेट जाण्यात तर 5,328 मीटरची तांगलांग लाही आडवी येते आणि अंतर अडीचशे किलोमीटर.

मागे वळले तर बारालाचापर्यंत सहाशे मीटरची चढण होती, पण त्यापुढे जिस्पापर्यंत जवळजवळ सतराशे मीटरचा उतार होता, आणि जिस्पापासून बावीस किलोमीटरवर केलाँगचे सरकारी रुग्णालय. पहाटे नाल्यांना पाणी सर्वांत कमी असते, ही आणखी एक जमेची बाजू. दुपारनंतर ऊन चढून बर्फ वितळले की तेच नाले फुगतात.

दिशेवर आमचा वाद झाला नाही. वाद झाला तो वेळेवर आणि गाडीवर. ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर एकच होता आणि तो सामानाच्या गाडीत होता. त्याच गाडीत सर्वांसाठीचे साठ लिटर जादा पेट्रोल आणि सुटे भाग होते. ती गाडी रुग्णासोबत गेली तर बाकीचे अकराजण या रस्त्याच्या सर्वांत उंच भागात आधाराविना राहणार होते.

घेतलेला निर्णय आणि कृती

तंबूंच्या मालकाकडे एक चारचाकी होती आणि तिचा चालक लाहौलचा, याच रस्त्यावर हयात काढलेला. त्याला उठवले. परिस्थिती ऐकून त्याने भाड्याची गोष्ट न काढता गाडी तापवायला घेतली. भाडे आम्ही नंतर ठरवले. आमची गाडी ताफ्यासोबत राहील, सिलिंडर रुग्णासोबत जाईल आणि मी सोबत जाईन, असे ठरले.

सिलिंडरमध्ये 1,500 लिटर ऑक्सिजन होता. मिनिटाला चार लिटर सोडला तर सहा तास पुरतो. केलाँगपर्यंत पाच तास धरले होते. हा हिशोब सुचला म्हणून बरे, कारण आमच्याकडे स्प्रेसारखे दिसणारे ऑक्सिजनचे डझनभर डबेही होते आणि सहभागींना त्यांचाच मोठा आधार वाटत असे. त्या डब्यांत प्रत्येकी काही लिटरच वायू असतो. चारच्या वेगाने एक डबा दोन-तीन मिनिटांत संपला असता.

डेक्सामेथासोनच्या बाबतीत अडखळलो. डॉक्टरांच्या लेखी सूचनेप्रमाणे आठ मिलिग्रॅम दिले आणि दहा मिनिटांत ते उलटीतून बाहेर पडले. आमच्या पेटीत इंजेक्शन नव्हते, गोळ्याच होत्या. ज्या आजाराचे एक लक्षण उलटी आहे, त्याच्यासाठी आम्ही तोंडाने घ्यायचेच औषध नेले होते. थोडे थांबून पुन्हा दिले, ते टिकले.

दोन पन्नासला निघालो. खिंडीच्या अलीकडे ऑक्सिजन थोडा वाढवला. माथा ओलांडल्यावर सूरज तालच्या वळणाशी चालकाने गाडी थांबवली, खाली उतरला आणि बॅटरीच्या उजेडात बुटाने रस्ता घासत वीसेक पावले पुढे चालत गेला. परत येऊन काही न बोलता पहिल्या गिअरमध्ये, डोंगराच्या अंगाला घासून, त्याने तो तुकडा पार केला. मी मागच्या सीटवर रुग्णाला बसते धरून दर दहा मिनिटांनी तेच तीन प्रश्न विचारत होतो: नाव काय, गाव कोणते, आज वार कोणता. वार त्याला जिस्पाच्या अलीकडच्या दारचा गावाशी पहिल्यांदा बरोबर आला. त्याच दमात त्याने विचारले, “माझी गाडी कुठाय? चावी कुणाकडं आहे?”

पावणेसातला जिस्पा, आणि न थांबता आठच्या सुमारास केलाँग.

इकडे सरचूत उजाडल्यावर लीडने ताफा पुढे न नेता सर्वांना जिस्पाला परत न्यायचे ठरवले. आणखी दोघांचे डोके दुखत होते, आणि ही गोष्ट त्यांनी रात्रीचा प्रकार पाहिल्यावरच कबूल केली. विट्याच्या एका सहभागीने स्पष्ट विचारले की एकाच्या चुकीसाठी बाकीच्यांची रजा का जावी. त्याचा प्रश्न गैर नव्हता. त्याने पैसे भरले होते. काकांनी वाद घातला नाही. “मला काल डोळ्याला डोळा लागला नाही, मी परत निघालोय,” एवढे म्हणून त्यांनी हेल्मेट घातले, आणि वयाने मोठा माणूस निघाल्यावर बाकीचेही निघाले. साडेसहाला निघून दहाच्या आत त्यांनी नाले ओलांडले. धावपटूची मोटारसायकल मेकॅनिकने चालवली आणि सामानाची गाडी लीडने. लीडची मोटारसायकल आणि माझी, अशा दोन मोटारसायकली तंबूवाल्याकडे राहिल्या. पेट्रोल भरायला दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पुन्हा तांदीपर्यंत खाली जावे लागले.

परिणाम

केलाँगला धावपटूला एक दिवस देखरेखीखाली ठेवले. संध्याकाळी तो रुग्णालयाच्या व्हरांड्यात फरशीच्या रेषेवरून दहा पावले सरळ चालला. डॉक्टरांनी पुन्हा वर जाण्यास मनाई केली. तो बसने मनालीला आणि तिथून घरी परतला. त्याच्यात काही दोष राहिला नाही. ताफा जिस्पाला दोन रात्री राहिला, मग पुन्हा सरचू, आणि या वेळी बहुतेक सगळे शांत झोपले. लेहला तीन दिवस उशिरा पोहोचलो. पँगाँग वगळावे लागले. तिथल्या मुक्कामाची आगाऊ रक्कम बुडाली, त्यातली निम्मी गटाने सहभागींना परत केली. विट्याच्या सहभागीला ती पूर्ण हवी होती. तो पुढे आमच्यासोबत आला नाही.

निर्णयाच्या जागा आणि वेगळे काय करता आले असते

त्या रात्रीचा सर्वांत वजनदार निर्णय जानेवारीत झालेला होता, असे माझे मत आहे. श्रीनगरहून निघाले तर उंची हळूहळू वाढते: श्रीनगर 1,585 मीटर, कारगिल 2,676, मग 4,108 मीटरची फोतू ला फक्त ओलांडून रात्र लेहला 3,500 वर. लेहला दोन-तीन रात्री काढून मनालीच्या दिशेने उतरताना सरचूला मुक्काम केला तरी शरीर तोवर सरावलेले असते. ट्रकभाडे वाढते, दोन दिवस वाढतात, आणि ‘मनालीहून लेह सर केले’ असे म्हणता येत नाही. हे तिसरे कारण आम्ही कधी उघड बोललो नव्हतो, पण बुकिंग त्यावरच होत असे. पुढच्या वर्षापासून आम्ही दिशा उलटी केली आणि पहिल्या वर्षी चार जागा रिकाम्या राहिल्या.

दुसरी जागा संध्याकाळच्या प्रश्नाची. आपल्याकडे दहा माणसांत, चहाचा कप हातात असताना, “ठीक ना?” या प्रश्नाला “नाही” असे उत्तर कोणी देत नाही, त्यातून जो सर्वांत तगडा म्हणून गाजला आहे तो तर नाहीच. आता जेवणापूर्वी लीड किंवा मी प्रत्येक तंबूत जातो, डोके, भूक, उलटी, झोप आणि आज घेतलेल्या गोळ्या असे पाच प्रश्न विचारतो, आणि तेच प्रश्न तंबूतल्या जोडीदाराला त्याच्याबद्दल वेगळे विचारतो. जोडीदाराचे उत्तर जास्त खरे निघते. ताडपत्रीच्या कडेवरची दहा पावले सगळ्यांनी चालायची, लीडनेही.

तिसरी जागा माझी. जिस्पाला धावण्याचे कौतुक करण्याऐवजी थांबवायला हवे होते. नाल्यात सरावलेला रायडर दोनदा पडला, तेव्हा त्याला सामानाच्या गाडीत बसवून जिस्पाकडे परत पाठवता आले असते. त्या वेळी आम्ही बारालाचाच्या अलीकडे होतो आणि मागचा रस्ता पूर्ण उताराचा होता. खिंड ओलांडली त्या क्षणी ती सोय संपली. औषधांच्या पेटीत आता इंजेक्शन आहे आणि आम्ही दोघांनी ते द्यायला डॉक्टरांकडून शिकून घेतले आहे.

एका जागेवर लीडचे आणि माझे आजही एकमत नाही. त्याचे म्हणणे असे की औषध टिकले होते, ऑक्सिजन सुरू होता, तेव्हा पाचपर्यंत थांबायला हवे होते. सूरज तालच्या त्या वळणावर गाडी घसरली असती तर एका रुग्णाऐवजी तीन माणसे दरीत गेली असती. मी त्या गाडीत बसलो होतो आणि चालकाचे बूट बर्फावर करकरताना ऐकले होते, त्यामुळे त्याचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. डाव्या पायाचा बूट उजव्या पायात घालणारा तो मुलगा मात्र त्याने पाहिला नव्हता. लीड तंबूत आला तोवर काकांनी बूट नीट घालून दिले होते.